आपण म्हणजे कोण

बाबांच्या तोंडी ‘आपण’ हा शब्द फार. आयुष्यभर सरकारी कचेरीत अधीक्षक होते. तिथे हाताखालच्यांना म्हणायचे, “आपण हे आजच संपवून टाकू,” आणि स्वतः पाचाच्या ठोक्याला घरची वाट धरायचे. घरी आल्यावर म्हणायचे, “रविवारी आपण चार माणसं जेवायला बोलावू.” त्या घरात ‘आपण’ म्हणजे आई, हे मुलीला फ्रॉक घालायच्या वयापासून ठाऊक होतं.

आता आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि बाबा एका ट्रॅव्हल एजंट बाईंच्या काचेच्या टेबलापुढे बसून परदेशातल्या मुक्कामाचा बेत सांगत होते. “आपण तीन महिने राहणार. निवांत. आपल्याला कुठे धावायचंय?”

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. डोंगरउतारावर एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारी घरं आणि खाली समुद्र. मुलीने ते शहर लगेच ओळखलं. त्याच्या गल्ल्या तिला पाठ होत्या.

“हॉटेल नको,” बाबा म्हणाले. “फ्लॅट बघा. स्वयंपाकघर ऐसपैस हवं. रोज बाहेरचं खाऊन पोटाची वाट लागते.”

“स्वयंपाक कोण करणार, काका?”

“करू की आपण.”

मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे वाकवायचे आणि ते कितीही ओरडले तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. ‘नुसती चौकशी करायचीय, गाडी घेऊन ये’ असं बाबांनी सांगितलं, म्हणून ती दवाखाना बंद ठेवून आली होती. पण बाबांनी पिशवीतून स्वतःचा पासपोर्ट काढला आणि त्यावर तिचाही ठेवला.

“हा तुमच्याकडे कसा?”

“तुझ्या आईच्या कपाटात होता. लागणारच होता आपल्याला.”

“आपण म्हणजे कोण, बाबा?”

“आपण म्हणजे आपण. हा काय प्रश्न झाला?”

“मला कुणी विचारलं नाही.”

“घरातल्या माणसाला काय अर्ज करायचा? तुझ्या आईने जन्मात असं कधी विचारलं नाही.”

“तिला सवड कुठे होती? ती ओट्याशी होती.”

“चहा सांगू का?” एजंट बाई घाईने म्हणाल्या.

“नको,” दोघंही एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

बाबांनी चष्मा काढला. फाईल बंद करताना काढायचे तसा. “हे बघ, ही तुझ्या आईची इच्छा होती. ‘आपण समुद्राकाठी जाऊन चांगले तीन महिने राहू,’ म्हणाली होती. मी स्वतः तिथे होतो.”

होते खरे. पलीकडच्या खोलीत, वर्तमानपत्रामागे. आतल्या पलंगावर आई होती आणि मुलगी तिच्या सुजलेल्या पायांना मालीश करत होती. त्या शहराचा बेत दोघींनी महिनोन् महिने चघळला होता. कुठल्या चढावर राहायचं, दुपारी कुठल्या बाकावर बसायचं, यावर त्या भांडायच्यासुद्धा. आईची अट एकच होती, खोलीला ओटा नको. “पाव चिरायलाही सुरी हातात घेणार नाही मी,” ती म्हणायची, “हाताने तोडून खाऊ.” त्या दिवशी तिचा आवाज जरा चढला, “आपण जाऊ गं, चांगले तीन महिने राहू,” आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं, “जाऊ की! मी कुठे नको म्हणतोय?” आईने तोंडावर पदर दाबला. हसून हसून तिला खोकला आला. बाबांना खरं काय ते सांगू, असं मुलगी म्हणाली, तर आई म्हणाली, “राहू दे. जाताना सांगू.”

“ते ‘आपण’ तुम्हाला नव्हतं,” मुलगी म्हणाली.

“काय?”

“ती माझ्याशी बोलत होती. तुम्ही त्या ‘आपण’मध्ये नव्हता. तिला तुमच्याशिवाय जायचं होतं, बाबा.”

एजंट बाईंनी कीबोर्डवरून हात उचलले. बाबांचा चेहरा हलला नाही. एखाद्या कारकुनाकडे पाहावं तसं त्यांनी मुलीकडे पाहिलं.

“तुला वाटतं मला माहीत नव्हतं?” ते म्हणाले. “भिंत केवढी आहे आपल्याकडे? मी आलो की तुमची कुजबुज थांबायची. दोघी मिळून हसायचात. कुणीतरी ‘आपण’ म्हणालं आणि घरात मी होतो. बसलो मी त्यात. बायकोच्या ‘आपण’मध्ये बसायला मुलीची परवानगी लागते, हे ठाऊक नव्हतं.”

“आयत्या बिळावर नागोबा,” ती म्हणाली. इतक्या शांतपणे, की तिची तिलाच भीती वाटली.

“बोल. अजून काही राहिलं असेल तर तेही बोल.”

“त्या शहरात मी तुमच्यासाठी पोळ्या लाटणार नाही. तिथे तर नाहीच.”

बाबांनी स्वतःचा पासपोर्ट खालून ओढून घेतला. तिचा घसरून काचेवर पडला. “हिचं एकटीचं करा,” ते बाईंना म्हणाले. “हिला आईची पुण्याई पुरेल.” आणि ते निघून गेले.

बाईंनी तारीख विचारली. मुलीने सांगितली. खोली उतारावर हवी की बंदराजवळ, असं त्यांनी विचारलं. तीही तिने सांगितली. आईशी भांडताना ती स्वतः जिचा हट्ट धरायची ती नव्हे, आई म्हणायची ती. बाई म्हणाल्या, “छान निवड आहे, ताई.” तिने मान हलवली. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. तरी ‘रद्द करा’ असंही तिच्या तोंडून निघालं नाही.

ती बाहेर आली तेव्हा बाबा गाडीपाशी उभे होते. तिने कुलूप उघडताच ते पुढचं दार सोडून मागचं उघडून बसले, पिशवी मांडीवर घेऊन. तिने आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“कुठे सोडू?” तिने विचारलं.

“घरी.”

तिने गाडी सुरू केली.

“माझ्या घरी,” बाबा म्हणाले.