ट्रलीच्या छावणीतली फोडणी

ट्रलीजवळच्या एका माळावर दर उन्हाळ्यात शंभर वर्षांपूर्वीचं आयरिश यादवी युद्ध नव्यानं पेटतं. प्लंबर, मास्तर, दंतवैद्य असे हौशी लोक जाड लोकरी गणवेश चढवून तंबूत राहतात आणि तिकीट काढून आलेल्या पब्लिकसमोर एकमेकांना ठार मारतात. गोळ्या खोट्या, थंडी आणि बटाटे मात्र अस्सल.

लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातला इंजिनिअर ज्ञानेश या फौजेत शिपाई. पहाटे बिगुल, मग बुटांना पॉलिश, कवायत, तंबूच्या दोऱ्या ताणणं, बटाटे सोलणं, आणि जरा टेकावं तर पुन्हा बटाटे. त्यानं सोललेल्या सालींच्या ढिगावर चढून पहारेकरी थेट समुद्र न्याहाळायचे!

कष्टांचं त्याला काही नव्हतं. दुःख एकच, नवा शिपाई म्हणून पहिली गोळी कायम त्यालाच. गेल्या वर्षी लेक मुक्ता बघायला आली, तर "बाबा, यू डाइड फर्स्ट!" म्हणत तिनं भोकाड पसरलं. ती आजही येणार होती. आज काहीही होवो, शेवटपर्यंत जगायचंच!

तो कॅप्टन पोरिककडे गेला. "साहेब, आज मला मारू नका."

"मग रांध. लढाई संपली की दोन्ही फौजा इथंच जेवतात. माळाच्या कडेच्या भिंतीमागच्या आचाऱ्याला सहसा कुणी मारत नाही."

"सहसा?"

"पलीकडच्या फौजेत माझा सख्खा भाऊ आहे, डोनल. त्याचा काही नेम नाही."

ज्ञानेशनं हंडाभर मसुरीची आमटी चढवली. भिंतीपलीकडे बार उडू लागले, माणसं पटापट मरून आडवी झाली. इकडे कढल्यात तेल तापलं, मोहरी तडतडली, आणि भिंतीवरून डोनल धपकन उतरला. बंदूक सरळ छातीवर.

"मर आता!"

"थांब रे, मोहरी जळेल!"

ब्लँचर्डस्टाउनच्या घरी जरा धूर झाला की अलार्म बोंबलायचा, म्हणून बिचारा कायम दोन मिरच्यांची भित्री फोडणी करायचा. इथं डोक्यावर मोकळं आभाळ! त्यानं बायकोनं दिलेली लवंगी मिरच्यांची अख्खी पुडी तेलात रिकामी केली.

वारं माळाकडे वाहत होतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

आधी डोनल बंदूक टाकून गुडघ्यांवर आला. मग ठसका मैदानभर पसरला. मेलेले शिंकत उठले, जिवंत होते ते खोकत आडवे झाले. कॅप्टनचा घोडा शिंकत जो उधळला, तो म्हणे शेजारच्या कॉर्क परगण्यात सापडला. अख्ख्या माळावर ताठ उभा शिपाई एकच, हातात कढलं घेतलेला.

"जिंकलं कोण?" डोळे चोळत पोरिकनं विचारलं.

"जगलं कोण ते बघ!" डोनल खोकला.

प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून मुक्ता किंचाळली, "बाबा, यू किल्ड एव्हरीवन!"

"अगं, नुसती फोडणी दिली!"

घटकाभरानं दोघे भाऊ नाक पुसत एकाच हंड्यापुढे ताटल्या घेऊन उभे राहिले.

"वाढ की," डोनल म्हणाला, "पण आधी ते कढलं खाली ठेव."