कवळा कोंबडा

सुमित्राने डालं थोडं उचललं आणि हात घालून कोंबडा बाहेर ओढला. तांबडा नव्हे. तांबड्याच्या आडोशाला अंग चोरून बसलेला, नुकताच आरवायला शिकलेला काळा.

"अवं, हा नाही! बाबानं तांबडा सांगतला," कवडू म्हणाला.

"आयकलं मी. काप," तिने काळा नवऱ्याच्या हातात दिला.

कवडूने एकदा पुढच्या ओसरीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बापाला भ्यावं की बायकोला, हा त्याचा लग्नापासूनचा प्रश्न होता. आत्ता बायको जवळ उभी होती, म्हणून त्याने सुरी उचलली.

त्याच्या बापाचे, मनिरामचे, कोंबडे बोदलकशाच्या आसपासच्या गावांत नावाजलेले. दीड वर्ष झाल्याशिवाय तो कोंबड्याला सुरी लागू देत नसे. बांधावरून उधईची, म्हणजे वाळवीची, ढेकळं फोडून आणायची, तांदळाची कनकी घालायची, दिवसभर मोकळं हिंडू द्यायचं. "हाडात चव उतराले टाइम लागते," हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. सुमित्राच्या सख्ख्या भावाला यापायी दोनदा वांग्याच्या भाजीवर परत जावं लागलं होतं. का, तर कोंबडा अजून तयार नाही! ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

आणि हाच माणूस नातीच्या लग्नाला थोडंही थांबायला तयार नव्हता. सेवंताला नुकतं तेरावं लागलेलं. तिरोड्याकडचे केशोराव आज आपल्या मुलासाठी तिला बघायला आले होते, आणि जेवणं झाली की सुपारी फोडायची होती. सुमित्रा आठवडाभर सासऱ्यापुढे बोलून बोलून थकली होती.

"मामाजी, पोरगी लहान हाये."

"तू केवढी होतीस?"

"म्हनूनच सांगून राहिले."

"घर चांगलं हाये. कायले थांबाचं?"

कायले थांबाचं! त्या तोंडून हे ऐकून तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं होतं.

रस्सा तासाभरात झाला. तांबड्याला दुपार पुरली नसती. पंगत बसली. केशोरावांनी पहिला घास घेतला आणि मीठ मागितलं. मनिरामने नळी चोखली, मग दाताखाली धरली. ती सहज मोडली. त्याचा चेहरा पडला. सकाळपासून पाहुण्यांना वर्णन करून सांगितलेली चव त्यांच्या ताटात नव्हती.

"कोनं कापला हा?" तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून गरजला. "कवळा हाये! नुसता पानी लागून राहिला. आनखी वरीसभर पाहिजे होता याले."

कवडूने ताटात मान घातली. सुमित्रा पदर सावरून दारात आली. राग इतका होता की आवाज उलट हळूच निघाला.

"मी सांगतलं कापाले. तुमालेच घाई होती ना, मामाजी."

तिच्यामागे सेवंता पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आईचं लुगडं तिला पेलत नव्हतं; सुटणाऱ्या निऱ्या तिने एका हाताने पोटाशी घट्ट धरल्या होत्या. सकाळी फोडलेल्या उधईच्या ढेकळांची माती अजून नखांत होती. मनिरामने सुनेकडे पाहिलं, मग नातीच्या त्या हाताकडे. मोडकी नळी त्याने ताटाच्या कडेला ठेवली.

"चालते जी, एखाद्या वेळी होते असं," केशोराव म्हणाले. "सुपारी आना."

"आज नाही होत."

"काऊन?"

"कवळ्या कोंबड्यावर सुपारी फोडत नाही आमच्या घरी."

"हा कोनता रिवाज?"

"हाये. जुना हाये," मनिरामने खाली बघत भात कालवला. "तीन वरसानं या. तवा पाहू."

असा रिवाज त्या घरात नव्हता, गावात नव्हता, कुठेच नव्हता. कवडूने काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुमित्राने त्याच्या ताटात भाताचा ढीग घातला.

"मलेबी वाढ. रस्साबी घाल," मनिराम कुरकुरला. "आनि पुन्हा असा कवळा रांधशील तर याद राख!"

तिने डाव भरभरून वाढला. म्हाताऱ्याने तो बेचव रस्सा-भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.