तुळईच्या पोटातली अक्षरं

तोवाकोने वर्कशॉपच्या भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि हेल्मेटचा पट्टा लावता लावता तिचे हात थांबले. नकाशा तिचाच होता. खाली कोपऱ्यात 'रचना : मुराकोशी तोवाको, दुसरं वर्ष' असं स्वच्छ छापलेलं होतं. पण तिने जिथे गोल भोकं काढली होती, ओळीने, एकमेकांपासून नीट अंतर राखून, तिथे आता दोन भलीमोठी जपानी चित्राक्षरं ऐसपैस बसली होती. शाळेचं ब्रीद. अर्थ, 'न झुकणारे.'

अक्षरं रंगवायची नव्हती. पत्र्यातून आरपार कापायची होती.

शाळेला शंभर वर्षं होत होती म्हणून सायकल-स्टँडवर नवं छप्पर येणार होतं. त्याच्या सहा पोलादी तुळयांची रचना बांधकाम शाखेच्या मुलांनी करायची असं ठरलं, आणि वर्गातून निवडली गेली ती तोवाकोची. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी तिने त्यात घातली होती. तुळईच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मधला जो उभा पत्रा, त्याला वर्कशॉपमध्ये सगळे 'पोट' म्हणत. पोटात भोकं पाडली की वजन उतरतं, दिव्यांच्या तारा आतून ओवता येतात, आणि दिसायलाही तुळई कशी हलकीफुलकी दिसते. पण भोक म्हणजे काही शर्टाचं काज नव्हे, की वाटलं तिथे कापलं. ते पोटाच्या मधोमध हवं, टेकूपासून लांब हवं, आणि गोल हवं. गोल का, तर पोलादातला ताण गोल कडेवरून पाण्यासारखा वळून जातो. कोपरा दिसला की तिथेच दबा धरून बसतो.

आणि या दुसऱ्या अक्षराला तर कोपरेच कोपरे होते.

"सेन्सेई, हे कोणी केलं?" तिने विचारलं.

नीयामा सेन्सेई वर्कशॉपचे शिक्षक. माणूस वाईट नव्हता, पण वरून कोणी काही म्हटलं की त्यांची मान आपोआप हलायची. ते चष्मा पुसत राहिले. "कुरामोची-सान यांची सूचना होती. कल्पना छान आहे की. उजेड अक्षरांतून खाली पडेल, जमिनीवर ब्रीद उमटेल."

"आणि बर्फ पडेल तेव्हा काय काय उमटेल?"

"मुराकोशी, जरा वातावरण ओळखायला शीक. पोलाद त्यांनी दिलंय, कापणारही तेच. माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष आहेत ते."

"मग खाली त्यांचं नाव घाला. रचना, कुरामोची-सान. माझं कशाला ठेवलंय?"

सेन्सेईंनी चष्मा पुन्हा पुसला. तो आधीच लख्ख होता. "शनिवारी एका तुळईवर भार घालून बघणार आहोत. पेलला तर सहाही अशाच होतील. नाही पेलला तर तुझी गोल भोकं. याहून सरळ काय असतं?"

तोवाको बाहेर आली तेव्हा तिचे कान इतके तापले होते, की बंदरावरून येणारा, उत्तर जपानातल्या मुरोरानचा बोचरा वाराही तिला बरा वाटला.

डबा खाताना तिने कानाएपुढे सगळं ओकून टाकलं. कानाए वर्गातली दुसरी मुलगी. वर्गात मुली दोनच, त्यामुळे मैत्री करण्यावाचून दोघींना पर्यायच नव्हता, असं कानाए म्हणायची.

"परवा त्यांच्या कारखान्यात शनिवारची तुळई कापायला घेतली तेव्हा मी तिथेच होते, तुला ठाऊक असेल असं वाटलं," कानाए म्हणाली. "दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर चौकोन आहे ना? तो कापला तर मधला तुकडा धाडकन खाली. सगळे बघतायत की अक्षराचं डोकं गेलं कुठे. मग दुसरा पत्रा आणला आणि तुकडा धरून ठेवायला दोन बारीक पट्ट्या सोडल्या."

"म्हणजे आणखी कोपरे."

"'न झुकणारे' लिहायचं आणि त्यानेच तुळई झुकवायची. यांना कोणी सांगत कसं नाही?"

"मी सांगतेय ना. पण मी दुसऱ्या वर्षाची, त्यात मुलगी, त्यात पोलाद माझं नाही." तोवाकोने सोया सॉसची पुडी उचलली. "ही बघ. इथून फाड."

कानाएने पुडीच्या सरळ कडेला नखं लावून ओढलं. पुडी ताणली गेली, फाटली नाही.

"आता इथून." कडेला इवलीशी खाच होती. तिथून पुडी एका बोटाने फाटली आणि सॉस कानाएच्या बाहीवर उडाला. "फाटावी म्हणून मुद्दाम खाच देतात. सॉसच्या पुडीवाल्याला कळतं आणि संघाच्या अध्यक्षाला कळत नाही."

"पटलं. पण बाही माझी का?"

शनिवारी वर्कशॉप झाडून पुसून चकाचक केलं होतं. कुरामोची-सान आले ते काड्यांवर ओवून भाजलेल्या, मोहरी लावलेल्या डुकराच्या मांसाची खोकी घेऊनच, सगळ्या मुलांसाठी. स्वतः पोलादाच्या कारखान्यात उमेदवारी करून पुढे मालक झालेले, बोलणं मोकळं, हसणं गडगडाटी. खोकी उघडल्यावर त्यांच्याशी भांडणं आणखीनच अवघड झालं, याचाही तोवाकोला राग आला.

तुळई दोन टेकूंवर आडवी ठेवली होती, रंग न दिलेली, चकचकीत. वरून जॅक दाब देणार होता. बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा पडतो, म्हणून दाब द्यायचा, सोडायचा आणि पुन्हा द्यायचा असं ठरलं होतं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. पुढच्या खेपेला ठरलेल्या भाराशी दाबमापकाचा काटा पोचत असताना आतून 'टक' असा आवाज आला, पेन्सिलचं टोक मोडावं तसा. काटा मात्र पुढे सरकला, ठरलेल्या खुणेवर पोचला, तिथे थांबला.

"पेलला," नीयामा सेन्सेई म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

"आवाज ऐकलात?" तोवाकोने विचारलं.

"टेकूचा असेल."

"टेकू लाकडाचा नाहीये, सेन्सेई."

कुरामोची-सान हसत पुढे आले. "मुराकोशी-सान, तूच ना ती रचनाकार? पेलला की. आता गोड तोंडाने दोन काड्या खा."

तोवाकोने काड्या घेतल्या नाहीत. ती भिंतीशी गेली आणि फळीवरून तीन डबे उचलून आणले. भेग शोधायचे डबे, वेल्डिंगच्या तासाला वापरायचे. आधी साफ करायचं, मग लाल रंग फवारायचा. भेग कितीही बारीक असो, लाल रंग तिच्यात शिरून बसतो. वरचा पुसून काढायचा आणि पांढरी पूड मारायची. आत काही दडलं असेल तर ते पांढऱ्यावर आपणहून उमटतं.

"मुराकोशी," सेन्सेई खालच्या आवाजात म्हणाले, "पाहुण्यांसमोर नको."

"पाहुण्यांसमोरच हवं. ते गेल्यावर छप्पर आमच्याच डोक्यावर राहणार आहे."

तिने दुसऱ्या अक्षराच्या खालच्या कोपऱ्यांवर लाल रंग मारला. आणि टोकाशी बोल्टची जी गोल भोकं होती, त्यांच्याभोवतीही मारला. मग थांबायचं होतं, कारण रंग मुरायला वेळ लागतो. ते थांबणं फार वाईट होतं. कोणी खोकलं, कोणी चहाचा कप खाली ठेवला. मुलं काड्या तोंडात धरून उभी होती, चावायचं की नाही हे न कळून. तोवाकोला वाटलं, आपण खोटे ठरलो तर या जमिनीत कुठे तोंड लपवायचं? आणि मग तिला त्या वाटण्याचाच राग आला. भेग असो नसो, बघायला घाबरायचं कशाला?

तिने रंग पुसला. पांढरी पूड मारली.

बोल्टच्या भोकांभोवती नुसतं पांढरं. अक्षराच्या कोपऱ्यातून मात्र एक लाल केस निघाला. मग त्याच्या शेजारच्या कोपऱ्यातून दुसरा. बघता बघता पहिला खालच्या पट्टीच्या दिशेने लांबला आणि पट्टीच्या जरा वर थांबला.

"रंग ओघळलाय," कुरामोची-सान म्हणाले. पण म्हणताना ते वाकून बघत होते, आणि लाल रेघ काय सांगते हे तिथे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ओघळला असता तर गोल भोकांपाशीही ओघळला असता," तोवाको म्हणाली. "एका दुपारच्या दाबाने ही झाली. आमच्याकडे बर्फ मार्चपर्यंत असतो."

"भार पेलला हे तरी मान्य आहे ना तुला?"

"आज पेलला. फाटत फाटत पेलला."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. नीयामा सेन्सेईंचे कान लाल झाले होते. "मुराकोशी, आधी माफी माग. उद्धटपणा झाला."

"कशाबद्दल माफी मागू?" तिने अगदी मनापासून विचारलं.

या शाळेत माफी मागतात, कशाबद्दल ते विचारत नाहीत. तोवाको हात मागे बांधून उभी राहिली. मान खाली घातली नाही.

मग नीयामा सेन्सेई पुढे झाले आणि कुरामोची-सान यांच्यासमोर कमरेत वाकले, खूप खोल, आणि तसेच राहिले. "हिच्या उद्धटपणाबद्दल माफ करा. तुमच्या सूचनेवरून नकाशा मी बदलला, तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, तेही माफ करा. सहाही तुळया गोल भोकांच्या होतील. या कोपऱ्यांवर शाळेचा शिक्का मी मारू शकत नाही."

कुरामोची-सान यांनी त्या लाल रेघेवरून अंगठा फिरवला. "अक्षरं गेटवर लावू," ते शेवटी म्हणाले, कोणाकडेच न बघता. "पातळ पत्र्यावर. तिथे ओझं नसतं." आणि टोपी घालून निघून गेले. खोकी मागेच राहिली.

कानाएने दोन काड्या उचलल्या आणि एक तोवाकोच्या हातात कोंबली. "जिंकलीस. खा आता."

"जिंकले कुठे?" तोवाको काडी हातात धरून सरळ सेन्सेईंकडे गेली. ते पांढरी पूड झाडत होते. "सेन्सेई, माझ्या वतीने माफी का मागितलीत?"

"मुराकोशी, भोकं गोल झाली ना?"

"ती गोलच असायला हवी होती. त्यात उपकार काय? आणि मी उद्धट नव्हते. तुम्ही एकाच वाकण्यात मला खरं ठरवलंत आणि उद्धटही ठरवलंत. त्यातली अर्धी माफी परत घ्या."

सेन्सेईंनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा पुसायला हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. "वाकलेलं परत कसं घेतात, मला माहीत नाही."

"शोधून काढा."

"सोमवारी सकाळी ये," ते म्हणाले. "नव्या पत्र्यांवर भोकांची आखणी तूच करायची. मी कंपासला हात लावणार नाही."

"येईन," तोवाको म्हणाली. "पण माफीचं मी विसरणार नाहीये."

आणि दारापाशी जाऊन, अजून धुसफुसतच, तिने त्या गार झालेल्या काडीचा पहिला घास तोडला.