चौथ्या गिअरचे फुटाणे

बाबा गेल्यावर त्यांची मोटरसायकल माझ्याकडे आली, आणि तिच्या इंजिनातले फुटाणेही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आत फुटाणे फुटल्यासारखा ताडताड आवाज व्हायचा. असंच चालवलं तर पिस्टन जाईल आणि गाडी विकावी लागेल, म्हणून मी कॅम्प-१ वस्तीत प्रफुल्लकाकांच्या गॅरेजवर गेले. काका बाबांचे प्लांटमधले सोबती.

काकांनी एक चक्कर मारली. "तुह्या बाबानं, धनंजयनं, हौसेनं मोकळा सायलेन्सर लावला, आता इंजिनले पेट्रोल कमी पडून राहिलं. इंजेक्शनचा ट्यूनर लागन, तो पेट्रोल वाढवून देते."

त्यांनी ट्यूनरचे दोन डबे समोर ठेवले. एकाची सेटिंग पक्की, भरधाव चालवणाऱ्यांसाठी. दुसऱ्यावर तीन स्क्रू होते: हळू, मध्यम आणि जोरात.

"पहिलाच द्या, सोपा आहे."

"थांब. पुलावर कोणत्या गिअरमध्ये चढतं तू?"

"चौथ्या."

"तीसच्या स्पीडले?"

"बाबांनी तसंच शिकवलं. पेट्रोल वाचतं म्हणे."

काका हसत सुटले. "प्लांटच्या गेटाबाहेर पडला की तो सरळ चौथा टाके. मागं बसलो की माहे दात वाजत. पहिला डबा तुह्या काय कामाचा वो पोरी? त्या स्पीडपर्यंत तुमच्या घरचं कोणी पोचतच नाही."

मग तीन स्क्रूंचा डबा बसला. हळू चालवताना पेट्रोल थोडं जास्त मिळावं म्हणून 'हळू'चा स्क्रू काकांनी जरासा फिरवला. "चढावर तिसरा टाकजो. बाकी हा सांभाळन."

परतताना पुलाच्या चढावर मी तिसरा टाकला. सपाट रस्ता लागताच, तीसच्या स्पीडलाच, पाय आपोआप चौथ्यावर गेला. इंजिनानं हूं की चूं केलं नाही.