चाळीस मिनिटांनी थापा मारणारं नाक

फॉर्मवर नावांसाठी दोन ओळी होत्या. जू-यूनने एक भरली आणि दुसरी कोरी ठेवली. कोरी ठेवताना आपला हात जरासुद्धा थरथरला नाही, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, तिथेच खरं तर तिने ओळखायला हवं होतं.

फॉर्म जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेचा. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत तो विज्ञानाच्या जोंग बाईंच्या टेबलावर पडायला हवा होता. सहानंतर त्यात नाव घालता येणार नव्हतं की काढता येणार नव्हतं. आणि जिचं नाव गाळायचं होतं ती पेइ-रोंग, सातवीपासूनची मैत्रीण, एका डब्यातलं खाणारी, या क्षणी शाळेच्या प्रयोगशाळेखालच्या मैदानावर व्हॉलीबॉल बडवत होती. तिला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

भांडणाचं मूळ होतं नाक. यंत्राचं नाक! मायक्रोवेव्हएवढी पत्र्याची पेटी, तिच्यात शर्टाच्या बटणाएवढे आठ गॅस सेन्सर. पंप हवा ओढतो, कोळशाच्या गाळणीतून ती स्वच्छ होते, सेन्सरवरून जाते, आणि पडद्यावर आठ रेघा सपाट झोपून राहतात. मग झडप फिरते, बाटलीतल्या कोमट चहापत्तीवरची हवा आत येते आणि आठही रेघा आपापल्या उंचीला उठतात. त्या उंचसखल आकाराला दोघी ‘ठसा’ म्हणायच्या. दर चहाचा ठसा वेगळा. हवेवर पहारा द्यायला दोन फ्लो कंट्रोलर बसवलेले, तळहाताएवढे, पण भलते कडक. मिनिटाला दोनशे मिलिलिटर म्हणजे दोनशेच, फुंकरभर जास्त नाही. ते पेइ-रोंगच्या आईने आणून दिले होते. ती शिंचू शहरातल्या कॉम्प्युटर चिपच्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळायची. तिथून मोडीत निघालेले हे दोन तिने साहेबांच्या मागे लागून मिळवले होते.

पेइ-रोंगचं नाव गाळल्यावर कंट्रोलर परत द्यावे लागतील का, याचाही विचार जू-यूनने करून ठेवला होता. द्यायचे. स्पर्धेनंतर.

सोमवारपर्यंत हे नाक अगदी नाकासमोर चालत होतं. एमेई गावच्या डोंगरात जू-यूनच्या घरचा चहाचा कारखाना होता. तुडतुड्यांनी चावलेल्या पानांच्या चहाला मधाचा वास येतो. तुडतुड्यांनी ज्याला तोंड लावलं नाही तो साधा. नाक दोन्ही ओळखायचं, विसातून एकोणीस वेळा बिनचूक. मंगळवारपासून त्याने थापा मारायला सुरुवात केली. साधा चहा? मधाळ, दर्जा पहिला! चुलीवर करपलेला चहा? मधाळ, दर्जा पहिला! जू-यूनने चिडून रिकामी बाटली लावली. मधाळ, दर्जा पहिला.

थापा मारायची वेळसुद्धा ठरलेली. चार वाजता यंत्र चालू केलं की चाळीस मिनिटं ते शहाण्यासारखं वागायचं. मग तिसरी रेघ हळूच मान वर काढायची, मागोमाग सातवी, आणि पावणेपाचला सगळा सत्यानाश.

आणि पावणेपाचला काय व्हायचं? पावणेपाचला सराव संपवून पेइ-रोंग यायची.

जू-यूनच्या मनात पाल चुकचुकली ती इथे.

आधी तिने कुठे हवा गळतेय का ते पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे. कंट्रोलरचे आकडे वाचले. दोनशे, दोनशे. गळती असती तर आकडा पडला असता. म्हणजे यंत्र निर्दोष. म्हणजे माणूस दोषी. एवढं साधं गणित!

बुधवारी पेइ-रोंग घामाघूम होऊन आत आली आणि आल्या आल्या म्हणाली, “काय गं, आज नीट वागतंय का आपलं बाळ?”

“तू यायच्या आधी वागत होतं.”

“मला बघून लाडात येतं ते!”

जू-यून हसली नाही. ती वहीत वेळ लिहायला वळली, आणि पुन्हा पाहते तर पेइ-रोंगचा हात पेटीच्या मागे.

“काय करतेयस?”

“धूळ पुसतेय.”

“बोटांनी?”

“मग काय केसांनी पुसू?”

उत्तर भारी होतं, पण पेइ-रोंगचे कान लाल झाले होते. ती खोटं बोलली की कान लाल व्हायचे, हे अख्ख्या अकरावीला ठाऊक. जू-यूनने वहीत लिहिलं: ४.५१, हात मागे, कान लाल.

कारणही शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पहिल्याच आठवड्यात दोघींची जुंपली होती. पेइ-रोंगने पेटीवर खाऊचं हिरवं पाकीट आणून ठेवलं होतं, ते मक्याच्या कुरकुऱ्यांचं, ज्याच्या नावाचा अर्थच ‘गुणी बाळासारखं वाग’ असा होतो. तिच्या आईच्या कारखान्यात म्हणे एकही यंत्र त्या पाकिटावाचून चालत नाही. पाकीट हिरवंच हवं, लाल-पिवळं ठेवलं तर यंत्र बिथरतं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि यंत्राचं पाकीट माणसाने खायचं नाही. “हे शास्त्र आहे, देवघर नाही!” असं म्हणून जू-यूनने ते सगळ्यांसमोर तिच्या दप्तरात परत कोंबलं होतं. पेइ-रोंग तेव्हा गप्प बसली. पण गप्प बसणारी माणसंच मनात ठेवतात, नाही का? शिवाय हल्ली ती आठव्या तुकडीच्या मुलींबरोबर फार हसायची, आणि आठव्या तुकडीचाही प्रकल्प स्पर्धेत होता.

गुरुवारी जू-यूनने तपास हाती घेतला. चार ते चार चाळीस नाक खरं बोलतं ना? मग त्या वेळात त्यालाच कामाला लावायचं! पेइ-रोंगचा गुडघ्याला लावायचा बाम बाटलीत घातला. ठसा जुळला नाही. तिचं हाताचं क्रीम घातलं. नाही. फरशी पुसायच्या औषधाचा बोळा, नाही. थापेच्या ठशात तिसरी आणि सातवी रेघ ताडमाड उंच, असला वास तिला कशातच सापडेना. पेटी तापली, थापा सुरू झाल्या, आणि नेमके तेव्हाच दार ढकलून आपाक आत आले.

आपाक म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ, घरातलं खरं नाक. तीस वर्षं चहा हुंगून दर्जा ठरवत आलेले. एका बगलेत चहाचे डबे, दुसऱ्या हातात वाफाळती पिशवी. वाऱ्याने केस उभे राहिलेले.

“हे घे तुझे डबे. आणि ह्या तुझ्या आईने दिल्यात, मुळ्याच्या सारणाच्या करंज्या. गरम आहेत तोवर खा.”

“आपाक! इथे खायचं आणायचं नाही! नाकाला वास लागतो!”

“अस्सं? मग इथे लोणी-खोबरं कोण खातंय?”

“कोणी नाही.”

आपाकनी दोनदा श्वास ओढला, चहाचा पेला तोंडाशी धरल्यावर ओढतात तसा. “लोणी. खोबरं. वर थोडी साखर.” मग पडद्याकडे बघून म्हणाले, “आणि हे काय म्हणतंय? मधाळ? तुझ्या डब्याला सर्दी झालीय, पोरी. मला नाही.”

जू-यूनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या नाकाच्या जागी पेटी येणार म्हणून यांना पोटदुखी सुटली, दुसरं काय! क्षणभर तिला आपाकचाही संशय आला. डब्यांत चहाची अदलाबदल केली असेल का? पण रिकाम्या बाटलीत कुठला आलाय चहा.

ते गेल्यावर मात्र तिची ट्यूब पेटली. लोणी-खोबरं! सरावानंतर भुकेने कासावीस होऊन कोण येतं? तेलकट बोटं घेऊन पेटीच्या मागे कोण जातं? चोरून खातेय ती, इथेच! मुद्दाम असो नाहीतर हावरटपणा, नाक तर तिनेच बिघडवलं. फॉर्म तसाच द्यायचा. मात्र आधी रंगेहाथ पकडायचं.

शुक्रवारी मैदानावर रंगकाम निघालं, सराव रद्द झाला, आणि पेइ-रोंग चारच्या ठोक्याला हजर.

“तिथे बस,” जू-यूनने खिडकीजवळचं स्टूल दाखवलं. “हात मांडीवर.”

“अटक झालीय का माझी?”

“प्रयोग आहे.”

“कोणावर?”

फॉर्म असलेली फाइल जू-यूनने कोपराखाली दाबून धरली होती. बाहेर वारा खिडक्या बडवत होता. पेइ-रोंगने गाणं गुणगुणून पाहिलं, पाय हलवून पाहिले, मग तीही पडद्याकडे बघत बसली. साडेचार झाले. चार पस्तीस. रेघा सपाट. पेइ-रोंगचे दोन्ही हात मांडीवर, तीन मीटर लांब, तोंड रिकामं.

चार एकेचाळीसला तिसऱ्या रेघेने मान वर काढली.

जू-यूनने रेघेकडे पाहिलं. पेइ-रोंगकडे पाहिलं. पुन्हा रेघेकडे. चार दिवस रचलेली भिंत डोळ्यांदेखत कलत होती, आणि तिला धरून ठेवायला हाताशी काही नव्हतं. ती उठली, पेटीच्या मागे गेली, वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या यंत्राला स्वतःचं नाक लावलं.

लोणी. खोबरं. वर थोडी साखर.

तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“मागचं झाकण नको!” पेइ-रोंग स्टुलावरून उडीच मारून आली.

“का नको?”

“अगं, आत... गरम असेल.”

“काय ठेवलंयस आत?”

कान लाल. आता मात्र लालभडक. सापडलीस, जू-यूनला वाटलं, आणि चारही स्क्रू तिने भराभर काढले.

आत, सेन्सरच्या तापलेल्या कोठडीला लागून, चिकटपट्टीने बसवलेलं हिरवं पाकीट होतं. उष्णतेने टम्म फुगलेलं, वरची शिवण बोटभर उसवलेली, आणि तिथून लोणी-खोबऱ्याचा वास सुटलेला. त्याच्यावर जाड काळ्या पेनने लिहिलं होतं: ‘जू-यूनला पुन्हा रडवू नकोस.’

“मागच्या शुक्रवारी सगळ्या नोंदी उडाल्या ना,” पेइ-रोंग फरशीकडे बघत म्हणाली, “तेव्हा तू जिन्यात बसून रडलीस. मी पाहिलं. वर ठेवलं असतं तर तू पुन्हा माझ्या दप्तरात कोंबलं असतंस. म्हणून सोमवारी आत लावलं. बुधवारी ते पडलं नाही ना, एवढंच झाकणाच्या फटीतून चाचपत होते.”

‘तुझ्यामुळेच सगळं झालं!’ हे वाक्य जू-यूनच्या जिभेवर तयार होतं. चांगलं धारदार होतं. पण ते तोंडातून निघायच्या आत तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी टोचलं. पेटीतला वास सेन्सरपर्यंत पोचलाच कसा? सेन्सरना हवा मिळते ती नळीतून, गाळून. पेटीत पाकीट असो नाहीतर मेलेला उंदीर, रेघा हलायला नकोत.

तिने नळीवरून बोट फिरवत नेलं. गाळणी. गाळणीपुढचा जोड. मग पंप.

जोडाचा नट बोटाने गरकन फिरला.

त्या जोडातून पंप गेले चार दिवस पेटीतली लोणी-खोबऱ्याच्या वासाची हवा ओढत होता. कंट्रोलर मोजत होते, दोनशे, दोनशे. पहारेकऱ्यांनी डोकी मोजली होती. आत कोण चाललंय हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि तो नट? जू-यूनला वही उघडायचीही गरज नव्हती. तिच्याच अक्षरातली ओळ तिला पाठ होती: ‘हाताने आवळलाय. पान्याने उद्या.’

“पाना दे,” ती कशीबशी म्हणाली.

पेइ-रोंग पाना घ्यायला टेबलाकडे वळली. पाना फाइलखाली होता. तिने फाइल उचलली, आणि फॉर्म घसरून बाहेर आला.

पेइ-रोंगने तो उचलून वाचला.

“दुसरी ओळ भरायची राहिलीय का?” पेइ-रोंगने विचारलं.

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं!

“नाही,” जू-यून म्हणाली. “सोडली होती. मला वाटलं, तू मुद्दाम बिघडवतेयस.”

“कधीपासून वाटतंय?”

“मंगळवारपासून.”

“बुधवारी तू माझा अर्धा डबा खाल्लास.”

“हो.”

“माझ्यावर संशय घेऊन माझेच मीटबॉल खाल्लेस?”

“चांगले होते,” जू-यून पुटपुटली, आणि तिला खरोखरच रडू फुटलं. पाकिटाने आपलं काम काही केलं नाही.

पेइ-रोंग हसली नाही. तिने पाना पुढे केला. “आधी नट.”

जू-यूनने नट आवळला, हात दुखेपर्यंत. पेइ-रोंगने पाकीट सोडवून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं. मग दोघी पडद्यासमोर उभ्या राहिल्या, मध्ये हातभर अंतर सोडून. सातवी रेघ खाली आली. बाकीच्या आल्या. तिसरी हट्टी होती, तिला पाच पंचवीस झाले. मग तीही आडवी झाली. साधा चहा लावला: साधा. चाळीस मिनिटं उलटून गेली होती, तरी साधा!

जू-यूनने पेनाचं टोपण काढलं.

“तू नको लिहूस माझं नाव,” पेइ-रोंग म्हणाली.

जू-यूनने पेन खाली केलं. तर पेइ-रोंगने तिच्या हातातून पेन काढून घेतलं, फॉर्मवर वाकली आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावरही उमटलं. सहाला आठ मिनिटं कमी असताना तिनेच तो जोंग बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. जू-यून दोन पावलं मागून चालत होती.

“रागावलीस?” जिन्यात तिने विचारलं.

“हो.”

“किती?”

“सोमवारपर्यंत.”

सोमवारी चार वाजता पेइ-रोंग प्रयोगशाळेत आली. भिंतीवरच्या फळीवर, हवा ओढणाऱ्या नळीपासून चांगलं हातभर लांब, नवं कोरं हिरवं पाकीट उभं होतं. त्यावर जू-यूनच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘जू-यून, नीट वाग.’

पेइ-रोंगने ते वाचलं. पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

“तारीख बघून घेतलंस?”

“पुढच्या वर्षापर्यंत आहे.”

“बघू, टिकतेस का तेवढी,” पेइ-रोंग म्हणाली आणि यंत्राचं बटण दाबलं.