बसमधला उखाणा

मी एक उखाणा आहे. दोनच ओळींचा, पण त्याचा मला कमीपणा वाटत नाही. पुस्तकातून उतरवून घेतलेले पुष्कळ असतात. मी भरलेल्या बसमध्ये जन्मलो.

माझी आई दीपमाला. माहेर कात्रज, सासर हडपसर. लग्न ठरल्यावर ती आणि तिचा होणारा नवरा तेजस बसने निघाले की तो खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरायचा. एकदा रुमालावरच एक आजोबा बसले. दोघं हडपसरपर्यंत उभ्याने हसत आली, आणि त्या हसण्यात मी तिला सुचलो:

कात्रजहून हडपसरला बस येते भरून,
तेजसरावांनी ठेवलीय जागा जन्मभराची धरून.

लग्नात तिने मला घेतलं तेव्हा सगळा मांडव हसला. नणंद तनुजाने व्हिडिओ काढून आपल्या पेजवर टाकला. त्यावर पेजचं नाव मोठं होतं, दीपमालाचं कुठेच नव्हतं. उखाण्याला कुठे कवी असतो, असं तनुजाचं म्हणणं. बघता बघता मी गावोगावी पोचलो. कात्रजचं नागपूर झालं, हडपसरचं वर्धा झालं, तेजसरावांच्या जागी तर कितीतरी राव आले. बस भरून येते, हे मात्र कुणाला बदलावं लागलं नाही. माझी छाती फुगली होती. उखाणा नावं बदलूनच जगतो, त्यात वाईट वाटण्यासारखं काय?

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. सासूबाई गोदाबाईंनी आग्रह केला आणि दीपमालाने मला घेतलं. शेजारच्या भाग्यश्रीताई गोड हसून म्हणाल्या, "छान आहे हो, पण रीलवरचा ना? स्वतःचा घ्यायचात एखादा."

बायका हसल्या. दीपमाला तिळगुळाचं ताट घेऊन आत निघाली. तिच्याच तोंडी मी चोरीचा ठरलो होतो. मला फार वाईट वाटलं. तनुजा समोरच वाण वाटत होती. ती गप्प राहिली असती, तर तिला कुणी विचारणार नव्हतं.

"थांब वहिनी," ती म्हणाली. "ताई, हा वहिनीनेच केलाय. व्हिडिओ मी टाकला, पण तिचं नाव नाही टाकलं. चुकलं माझं."

गोदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. "वाटी-चमच्यावरसुद्धा नाव घालून आणतो आपण. सुनेच्या शब्दांवर घालायला काय जड झालं होतं?"

तनुजाने तिथेच बसून व्हिडिओखाली दीपमालाचं नाव लिहिलं. तरी माझे निनावी व्हिडिओ अजून फिरतात, ते काही थांबले नाहीत.

पण परवा शनिवार पेठेतल्या एका लग्नात अनोळखी नवरीला सगळ्यांनी नाव घ्यायला लावलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "उखाणा हडपसरच्या दीपमालाचा, नाव माझ्या नवऱ्याचं." मग तिने मला घेतलं. एवढ्या रुबाबात मी कधीच कुणाच्या तोंडून बाहेर पडलो नव्हतो.

तुम्हीही मला खुशाल घ्या. बस कुठूनही सोडा, राव कुणाचेही घाला. फक्त आधी माझ्या आईचं नाव घ्या.