शेडमागचा नळ

नॉस्क्यांच्या शेडमागचा नळ तीन वर्षं गळत होता, आणि तो गळू दे असं डीनला मीच सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही सगळा दोष त्याच्या म्हाताऱ्या बापाला द्याल, आणि ते मला चालणार नाही.

मी ग्लेनिस. ॲडलेडपासून तीन तास आत, पीटरबरोच्या उत्तरेला, जिथे गहू संपतो आणि नुसत्या मेंढ्या उरतात, तिथल्या वीस-पंचवीस घरांचं विजेचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. बाई वायरिंग करते म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग एकेकाचे पंप बंद पडले आणि हसणं आपोआप थांबलं.

मर्व्ह नॉस्केची लोकर कातरायची शेड त्याच्या बापाने बांधलेली. घरापासून लांब, म्हणून विजेची जोडणी वेगळी. चिनी मातीचे जुने फ्यूज, आणि अर्थिंग म्हणजे शेडमागे जमिनीत ठोकलेली एक सळई. एखाद्या यंत्राच्या बॉडीत करंट उतरला, तर तो त्या सळईवाटे जमिनीत जाणार आणि फ्यूज उडणार, असा हिशेब. पण त्यासाठी जमीन ओली लागते. ठणठणीत कोरडी जमीन करंट घेत नाही, फ्यूज उडत नाही, आणि करंट त्या यंत्रातच बसून राहतो, कुणीतरी हात लावेपर्यंत.

तीन वर्षांपूर्वी मी त्या सळईला मीटर लावला, तेव्हा चढा आकडा बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मर्व्हला म्हटलं, "घरापासून नवी केबल ओढू या. करंट गळताच वीज तोडणारा सेफ्टी स्विच बसवू या. हे असं चालायचं नाही."

"पाऊस झाला की करू," तो म्हणाला.

आमच्याकडे सगळंच पाऊस झाला की करतात. छप्पर, गाडीचे ब्रेक, दाताची कवळी. एकाचं तर लग्न पाऊस झाला की व्हायचं होतं. नवरी वाट बघून बघून ॲडलेडला निघून गेली. नियमाने मी त्याच दिवशी शेडचा फ्यूज काढून खिशात टाकायला हवा होता. पण कातरणी आठवड्यावर आलेली, माणसं ठरलेली. मला बोलवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझी भीड त्याहून वाईट निघाली.

शेडमागच्या नळाचा वायसर तेव्हा नुकताच गेला होता. थेंब नेमके सळईच्या बुडाशी पडत होते. मी तिथे आणखी दोन बादल्या ओतल्या, पुन्हा मीटर लावला, आकडा बराच खाली आला. मर्व्हच्या मुलाला, डीनला, बाजूला घेतलं.

"पाऊस होईपर्यंत या नळाला हात लावू नकोस. थेंब चालू राहू दे."

डीन तेव्हा एकतीस वर्षांचा. हसला की त्याचे कान हलायचे. "म्हणजे आमच्या विजेलाही तहान लागते?"

"लागते. आणि बाबांना सांगून ठेव."

"बाबांना? मेंढ्यांना टँकरचं पाणी आणि तुझ्या सळईला नळाचं, असं सांगू? ते सळईच उपटून फेकतील. नळ तसाच राहिला तर मला आळशी म्हणतील, म्हणू देत. नाहीतरी म्हणतातच."

मी 'बरं' म्हटलं. त्या 'बरं'वर मी आता रोज झोपते आणि उठते.

त्या घरात पाण्याची काय किंमत होती ते मला ठाऊक होतं. डीनची आई एल्व्हा वाळूचं घड्याळ लावून अंघोळ करायची. भांडी धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाला, भाज्या उकडलेलं कोंबड्यांना. चहाच्या किटलीच्या तळाशी उरलेला घोटही ती मोरीत ओतायची नाही. अशा घरात डीनने तीन वर्षं एक नळ गळता ठेवला, आणि तीन वर्षं जेवताना बापाची बोलणी खाल्ली.

पाऊस झाला नाही.

या जानेवारीत डीन दुसऱ्यांच्या शेडमध्ये कातरणीला गेला, ब्रोकन हिलच्या बाजूला. तीन आठवड्यांनी परत आला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने गाडीच्या रेडिएटरमधली धूळ कॉम्प्रेसरने उडवली. दोन चाकांचा, ओढत न्यायचा कॉम्प्रेसर, बारा वर्षांचा. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून, थरथरून थरथरून, आतली एक वायर बॉडीला घासून उघडी पडली होती. काम झाल्यावर त्याने यंत्र बंद केलं, पण प्लग काढला नाही. हवेच्या टाकीत पाणी साठतं, ते तळाच्या चावीतून सोडावं लागतं, नाहीतर टाकी आतून गंजते. बरेच जण कंटाळा करतात. डीन कधी करायचा नाही. तो गुडघ्यावर बसला, एक हात शेडच्या लोखंडी खांबावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चावी धरली.

दहाच्या चहाला आला नाही म्हणून एल्व्हा बोलवायला गेली.

तपासणीला माणूस आला. त्याने लिहिलं, वायर घासलेली, अर्थिंग निकामी. नळाचं त्यात काही नव्हतं. त्याला नळाचं कोण सांगणार? सांगू शकणारी मी एकटीच, आणि मी तोंड उघडलं नाही. मला तेव्हा वाटत होतं की नळ गळतोच आहे आणि एवढ्या उन्हात तो पुरा पडला नाही.

दफनाला तीन आठवडे झाले आणि मर्व्हचा फोन आला.

"ती केबल ओढायला ये."

या वेळी पावसाची अट नव्हती.

मी गेले तेव्हा त्याने ट्रॅक्टरने चर खणून ठेवला होता. आधी शेडमागे गेले. सळईच्या बुडाशी जमीन भेगाळली होती, भेगेत बोट जाईल एवढी. वर नळ कोरडा. त्याच्या मानेवर पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे. मी तिथेच खाली बसले. डीन त्या नळाला हात लावणार नव्हता. तो तीन आठवडे बाहेर होता तेव्हा हे कोणी केलं, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

बोलायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं. माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा. एकुलता एक मुलगा गेला. वर हे ओझं कशाला?

दुपारपर्यंत केबल टाकून झाली. नवा बोर्ड, नवा सेफ्टी स्विच. जुनी सळई मी वायर कापून मोकळी केली. मर्व्ह सकाळपासून बादली उलटी टाकून तिच्यावर बसला होता आणि केबलचं टोक धरत होता. त्याचं तोंड काही थांबत नव्हतं.

"सांगून सांगून थकलो त्या पोराला. वायर बघून घे, वायर बघून घे. वायर बघायचा कंटाळा, वायसर बदलायचा कंटाळा. तीन वर्षं नळ गळत होता, पोरी! तीन वर्षं! शेवटी तो बाहेरगावी गेला तेव्हा मीच बदलला. पाच मिनिटांचं काम. आणि बोललो नाही. म्हटलं, आल्यावर याच्या लक्षात येतं का बघू. तीन दिवस वाट बघितली. कशाला लक्ष जातंय!"

मी स्क्रू पिळत राहिले. तीन दिवस हा माणूस मुलाची फजिती बघायला टपून बसला होता, लहान मुलासारखा. आणि मुलगा नळ गळतोय अशा भरवशावर निर्धास्त होता.

एल्व्हा चहा आणि क्वांडाँग या आमच्याकडच्या आंबट रानफळाची पाई घेऊन आली. पाईची ताटली शेजारणीची. दुखवट्यात आलेली ताटली, खाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेली. घरात अजून अशा अकरा पडल्यात, म्हणाली, परत करायला जायचं धैर्य होत नाही.

"आळसाने मेला," मर्व्ह म्हणाला.

"मर्व्ह, पुरे कर."

"खोटं बोलतोय का? थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते विचारतोय तो दगडवाला. हेच कोर म्हणतो, आळशी होता."

एल्व्हाने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "ग्लेनिस, तुला यातलं कळतं. माझा डीन खरंच इतका निष्काळजी होता का गं?"

गप्प बसले तर गेलेला पोर जन्मभर आळशी ठरणार, आईसाठीसुद्धा. बोलले तर समोरचा म्हातारा मोडणार. मधला रस्ता मी शोधला. नव्हता.

"नव्हता," मी म्हटलं. "तो नळ मी गळता ठेवायला सांगितला होता त्याला. सळईखालची जमीन ओली राहावी म्हणून. तीन वर्षं त्याने तो मुद्दाम तसा ठेवला. आळसाने नाही."

मर्व्हला लगेच कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलं, आणि ते मला त्याच्या तोंडावर बघावं लागलं.

"त्याला ठाऊक होतं?"

"हो."

"मी रोज त्याला जेवताना..."

"हो."

"मग बोलला का नाही तो?"

"म्हणाला, तुम्ही सळई उपटून फेकाल."

मर्व्हने हातातला केबलचा तुकडा खाली ठेवला. "फेकली असती," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मर्व्ह, चूक माझी आहे. मी फ्यूज काढून न्यायला हवा होता. निदान तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. नळ गळता असता तर तो वाचलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही..."

"वाचला असता का?"

मी खोटं बोलणार होते. त्याचे डोळे बघून जमलं नाही.

"फ्यूज उडाला असता बहुतेक."

"गप्प बस आता, पोरी."

तो उठला. माझ्या पेटीतला पाना त्याने न विचारता घेतला आणि शेडमागे गेला. आम्ही दोघी मागून गेलो. पाना दोनदा निसटला. मी पुढे झाले तर त्याने कोपराने मला बाजूला सारलं. टाकीकडून येणाऱ्या पाइपचा कॉक त्याने बंद केला, नळाचं डोकं काढलं, नवाकोरा वायसर नखाने उचकटून फेकून दिला, डोकं परत बसवलं, कॉक उघडला.

थेंब पडला. मग दुसरा. जमिनीने तो पडताक्षणी पिऊन टाकला.

"मर्व्ह," मी म्हटलं, "ती सळई आता कशालाच जोडलेली नाही. मी कापली मघाशीच."

"ठाऊक आहे."

तो भिंतीला टेकून खाली मातीत बसला आणि रडायला लागला, तोंड न झाकता. माझाही बांध फुटला. घरची टाकी तेव्हा एक-तृतीयांशावर आली होती आणि पुढच्या टँकरची अजून तारीख मिळाली नव्हती, हे आम्हा तिघांना माहीत होतं.

एल्व्हा वळून शेडमध्ये गेली आणि मर्व्ह बसला होता ती बादली घेऊन आली. मला वाटलं, नळाखाली लावेल. चाळीस वर्षांत तिने एक थेंब वाया जाऊ दिला नव्हता. तिने बादली मर्व्हच्या शेजारी उलटी टाकली, तिच्यावर बसली, आणि नळ गळू दिला.